आजीचा चेहरा कोण काढणार?



आपल्या कोणत्याही घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर दोन प्रतिमा दिसतात. एक तथागतांची आणि दुसरी बाबासाहेबांची. त्यांच्या खालच्या ओळीत घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो असतात. हे खालच्या ओळीतले फोटो एकदा जवळ जाऊन निरखून पाहावेत, अशी आमची विनंती आहे. आजोबांचा फोटो बहुधा मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला असतो. तो पुसट असतो आणि डोळे दिपल्यासारखे दिसतात. जन्मभर धोतर-बंडी नेसलेल्या माणसाला स्टुडिओवाल्याने कोट आणि टाय चढवलेला असतो. आजीचा फोटो निराधार योजनेच्या अर्जासाठी घाईघाईने काढलेला असतो. नाहीतर तो कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून कापून घेतलेला असतो, म्हणून शेजारच्या बाईचा खांदा कोपऱ्यात तसाच राहून जातो. आणि आजीची आई? तिची आजी? त्यांचे फोटो नसतात. त्या कशा दिसत होत्या हे सांगणारे माणूसही आता घरात उरलेले नसते.

राजेरजवाड्यांच्या पदरी चितारी होते. सावकाराच्या वाड्यात दिवाणखान्यात तैलचित्रे होती. आपली माणसे त्या वाड्यांच्या भिंती बांधत होती, पण भिंतीवर त्यांना जागा नव्हती. ही तक्रार आम्ही येथे पुन्हा उगाळणार नाही. ती आपल्या सर्वांना पाठ आहे. आम्हाला आज विचारायचे आहे ते वेगळेच. आता घरात वही आहे, पेन्सिल आहे, शाळेत जाणारी मुले आहेत. मग आपल्या आजीचा चेहरा कागदावर काढायचे काम अजून कुणी का हाती घेत नाही? या सदरात आम्ही एरवी मुलांचा अभ्यास, घरखर्च, दुखणीबाणी यांवर लिहितो. आज घरच्या घरी, कोणताही शिकलेला चित्रकार नसताना काढलेल्या चित्रांविषयी लिहीत आहोत.

चित्र काढणारा हात आपल्यात नाही, असे मुळीच नाही. प्रत्येक वस्तीत एक ‘पेंटर’ असतोच. नेवासे असो, घोडेगाव असो, सोनई असो, कुठेही विचारा. जयंती जवळ आली की त्याच्याकडे लोक जायचे. तो बाबासाहेबांच्या छोट्या फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखायचा. तेवढ्याच चौकटी भिंतीवर किंवा कापडावर मोठ्या आखायचा आणि एकेक चौकट उतरवत जायचा. कपाळाच्या तीन चौकटी, चष्म्याच्या चार, कोटाच्या कॉलरच्या दोन. दिवसभर मजुरी करून रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात हे काम चालायचे आणि पोरांचा घोळका भोवती उभा असायचा. पुढे फ्लेक्स आला. संगणकावर तासाभरात दहा फुटांचा फलक निघू लागला आणि पेंटरचे डबे सुकले. आज तो गवंड्याच्या हाताखाली जातो किंवा बांधकामाला डिस्टेंपर मारतो. त्याने बाबासाहेबांना शंभर वेळा काढले, बुद्धांना पन्नास वेळा काढले. स्वतःच्या आईला मात्र एकदाही काढले नाही. त्याला तसे कुणी सांगितलेच नाही. चित्र हे थोर माणसाचे काढायचे असते, अशीच आपली समजूत आहे.

ही समजूत थोडी सैल व्हावी म्हणून खुद्द बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरकाळात चित्रकलेचा अभ्यास सुरू केला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. देशाची घटना लिहून झाली होती, मंत्रिपद सोडून झाले होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते, दृष्टी मंदावली होती. अशा वयात हा माणूस व्हायोलिन शिकत होता आणि हातात रंगाचा कुंचला घेऊन विद्यार्थ्यासारखा बसत होता. त्यांनी बुद्ध काढला तो उघड्या डोळ्यांचा. देवळात-दुकानांत मिळणाऱ्या बुद्धाच्या मूर्ती मिटल्या डोळ्यांच्या असतात. जगाचे दुःख पाहत गावोगाव पायी फिरणारा बुद्ध त्यांना उघड्या डोळ्यांचा हवा होता. तो तयार मिळेना, म्हणून त्यांनी तो स्वतः काढला. आपल्याला जे हवे ते दुसऱ्याने काढलेले नसेल तर आपण काढावे, एवढी साधी गोष्ट आहे. त्यासाठी ते चित्रकार म्हणून मान्यता पावण्याची वाट पाहत बसले नाहीत.

बाबासाहेबांच्याच घरची आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी 1934 मध्ये मुंबईत ‘राजगृहा’वर काढलेला कुटुंबाचा एक फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंदराव आहेत. आणि घरचा लाडका कुत्रा टॉबीसुद्धा आहे. सभेतले, परिषदेतले, कोटातले बाबासाहेब आपण नेहमी पाहतो. पण या फोटोत एक घर दिसते. त्यानंतर सव्वा वर्षातच, 27 मे 1935 रोजी, रमाई गेल्या. त्या दिवशी कॅमेरेवाला आला नसता, किंवा ‘आज नको, पुढे केव्हातरी काढू’ असे कुणी म्हटले असते, तर हे चित्र आपल्याला मिळालेच नसते. आम्ही जेव्हा जेव्हा तो फोटो पाहतो तेव्हा आमची नजर आधी रमाईंच्या चेहऱ्यावर जाते, मग टॉबीकडे. कुत्र्यालाही फोटोत बसवावे असे ज्या घराला वाटले, ते घर आम्हाला फार जवळचे वाटते.

चेहरा जपला नाही तर काय होते, याचे उदाहरण एका मोठ्या चित्रकाराच्या आयुष्यात आहे. मकबूल फिदा हुसेन हे आपल्या पंढरपूरचे. त्यांचा जन्म 1915 चा. मुंबईत आले तेव्हा सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरत होते, म्हणजे आपल्या वस्तीतल्या पेंटरचेच भाऊबंद म्हणायचे. ते अगदी तान्हे असताना त्यांची आई गेली. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता आणि घरात तिचा फोटोही नव्हता, असे ते स्वतः सांगत. पुढे त्यांनी मदर तेरेसांची चित्रे काढली. पांढरी साडी, निळी किनार, मांडीवर मूल, आणि पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. जगभर नाव झाले, चित्रे कोट्यवधींना विकली गेली, पण आईचा चेहरा काही काढता आला नाही. 2011 साली ते लंडनमध्ये वारले. त्या घरात तेव्हा कुणा शाळकरी पोराने कोळशाने भिंतीवर त्या माउलीचे वेडेवाकडे चित्र काढून ठेवले असते, तर हुसेनांनी त्यासाठी काय मोजले असते, याची कल्पना करावी.

आता आपल्या नेवाशाकडे येऊ. नेवासे म्हटले की बाहेरच्या माणसाला पैसाचा खांब आठवतो. पण आपल्या गावाला चित्रांचाही वारसा आहे, आणि तो त्या खांबाहून पुष्कळ जुना आहे. प्रवरेच्या काठावर लाडमोड नावाचे पांढरीचे टेकाड आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली 1954 ते 1956 आणि पुन्हा 1959 ते 1961 अशी खणती केली. खाली, अगदी तळाकडे, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली. कुडाच्या भिंती, चोपलेली जमीन, धान्याचे रांजण. आणि मडकी. लाल भाजलेल्या मडक्यांवर काळ्या रंगाने काढलेली नक्षी. तिरक्या रेघा, चौकटी, त्रिकोण. अशा मडक्यांना जाणकार ‘जोर्वे’ मडकी म्हणतात. जोर्वे हे गाव आपल्याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, संगमनेर तालुक्यात आहे.

ती नक्षी कुणा राजाने काढवून घेतली नव्हती. पाणी भरायच्या, धान्य ठेवायच्या, रोजच्या वापराच्या मडक्यावर ती होती. पाणी काही साध्या मडक्यातही तेवढेच राहते. तरी त्या माणसाने हात थांबवून एक ओळ रेघ ओढली. ही गरज तेव्हाही होती.

त्याच खणतीत घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात बाळ ठेवलेले. लांब नदीकाठी नाही, आपल्या राहत्या घरातच, आई जेथे झोपते तेथेच. त्यांतल्या एका बाळाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांतला दोराही थोडा टिकून राहिला होता. त्या दोऱ्यात रेशमाचे धागे होते असे तपासणीत दिसले. त्या बाळाचा चेहरा आपल्याला मिळालेला नाही. पण कुणीतरी त्याच्यासाठी मणी ओवले होते, हे आपल्या गावच्या मातीने सांभाळून ठेवले. शाळेच्या पुस्तकात हा धडा नाही. पण नेवाशाच्या प्रत्येक मुलाला तो कुणीतरी सांगितला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

अजिंठ्याला आपल्या सहली नेहमी जातात. विहाराची गाडी निघते, डबे बांधले जातात, दिवसभरात सगळी लेणी पायाखाली घालून रात्री परत. पुढच्या वेळी सतराव्या लेण्यात थोडे अधिक थांबावे. तेथे कपिलवस्तूला परत आलेले तथागत उभे आहेत, उंच, हातात भिक्षापात्र. समोर दारात यशोधरा आणि लहानगा राहुल. आई मुलाला पुढे करते आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही. पण आई मुलाच्या पाठीला हात लावून त्याला पुढे कसे सारते, हे त्याने कुठल्या ग्रंथात वाचले नसणार. आपल्या घरी किंवा शेजारी पाहिले असणार. बुद्ध काढायचा म्हणून बसला आणि बायको-पोरालाही काढून गेला, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या जिल्ह्यात शब्दांनी घरची चित्रे काढणारा एक मोठा लेखक होऊन गेला, तो प्रवरेच्याच वरच्या खोऱ्यातला. दया पवार, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचे ‘बलुतं’ 1978 साली आले. आई, बाप, आजी, मुंबईचा कावाखाना, गावचा महारवाडा, जसे पाहिले तसे. तेव्हा आपल्यातल्याच काही सुशिक्षित मंडळींना ते रुचले नव्हते. घरची लक्तरे वेशीवर कशाला टांगायची, असे म्हणणारे पुष्कळ होते. हाच आक्षेप चित्रालाही येतो, म्हणून त्याचा विचार करू.

मुलगी आजीचे चित्र काढू लागली आणि त्यात आजीच्या डोक्यावर पाटी आली, हातात खराटा आला, की नोकरीला लागलेला मामा रागावतो. ‘यातूनच आपण बाहेर पडलो ना? पुन्हा कागदावर कशाला आणता?’ मामाचे म्हणणे अगदीच चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या पाठीवर ओझे होते त्यालाच त्याचा कंटाळा कळतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या मुलांना फक्त झाडूवाल्याचे सोंग देणारेही आपण पाहिले आहेत. पण आमचे म्हणणे एवढेच की, हा निर्णय मामाने करू नये आणि मुलीनेही करू नये. आजीला विचारावे. आजी कदाचित म्हणेल, ‘पाटी नको काढू गं बाई, मला विहारातली पांढरी साडी घाल.’ मग पांढरी साडी काढावी. किंवा म्हणेल, ‘काढ की पाटी! याच पाटीवर तुझ्या मामाला बारावीपर्यंत शिकवला.’ मग पाटी काढावी, आणि चांगली मोठी काढावी. भिंतीवरचा कोट-टायवाला आजोबांचा फोटोही उतरवू नये. तो कोट आपल्याला कुणाच्या कोटावरून सुचला हे आपण जाणतो. त्याच्या शेजारी खाली बंडीतल्या आजोबांचे पेन्सिलचे चित्र लावले तर दोन्ही आजोबा घरात राहतील.

पुष्कळांना वाटते की चित्र काढणे हा रिकाम्या माणसाचा, पोट भरलेल्या माणसाचा नाद आहे. त्यांच्यासाठी कृष्णाजी हौळाजी आरा यांची हकिकत सांगतो. जन्म 1914, हैदराबादजवळ बोलारमला. वडील मोटारचालक. आई तो तीन वर्षांचा असतानाच गेली. वयाच्या सातव्या वर्षी पोरगा घर सोडून मुंबईला आला. मोटारी धुण्याचे काम केले, साहेबाच्या घरी घरगडी म्हणून राहिला. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आला. पुढे एका जपानी कंपनीत मोटारी पुसण्याची नोकरी आणि राहायला नोकराची इवलीशी खोली. तेथे काम उरकल्यावर आरा चित्र काढीत बसत. काय काढीत? समोर असेल ते. फुलदाणी, फळे, भांडी, टेबलावरचे कापड. 1942 साली मुंबईत ‘चेतना’मध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन झाले, 1944 साली गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. 1947 साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर जो प्रसिद्ध चित्रकारांचा गट उभा राहिला त्यात आराही होते. नाव झाल्यावर त्यांनी आर्टिस्ट सेंटरमधून नव्या, ओळख नसलेल्या पोरांना हात दिला. 1985 साली ते वारले. आराबाबांचे आम्हाला विशेष वाटते ते हे की, मोठी झाल्यावरही त्यांची चित्रे घरातल्या कोपऱ्यातलीच राहिली. फुलांचा गुच्छ आणि मडके यांना ते कधी कंटाळले नाहीत.

अर्थात प्रत्येक मूल आरा होत नाही, आणि व्हायलाही नको. आईबापांची खरी काळजी आम्हाला ठाऊक आहे. फी भरायची, बस पासचे पैसे द्यायचे, आणि पोरगे वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढीत बसलेले. रागाने वही फाडली जाते. आम्ही एवढेच सांगू की वही फाडण्यापूर्वी ती उलटून पाहावी. त्यात तुम्हीच असाल. आणि हिशेबाचेच बोलायचे तर शासनाच्या रेखाकला परीक्षा आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे काही वाढीव गुण दहावीला मिळतात. चित्रकलेच्या शिक्षकांना विचारून मुलांना बसवावे. त्या परीक्षेत ‘वस्तुचित्र’ असते, म्हणजे समोर ठेवलेली भांडी पाहून काढायची, आणि ‘स्मरणचित्र’ असते, म्हणजे आठवणीतला प्रसंग काढायचा.

या स्मरणचित्राची गंमत पाहा. नेवाशाच्या मुलाला सांगितले, ‘तुझ्या गावचा देखावा काढ’, तर तो काय काढतो? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, नदीत होडी, काठावर नारळाची झाडे आणि लाल कौलांचे घर. आमच्या तालुक्यात नारळाच्या बागा कुठे आहेत? आमच्याकडे मुळेचा कालवा आहे, उसाचे फड आहेत, भेंड्याच्या आणि सोनईच्या कारखान्याचा धूर आहे, गळिताच्या दिवसांत रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या आहेत. टायरगाडीला जुंपलेले बैल आहेत, वाढ्याच्या भाऱ्याखाली झाकलेली बाई आहे. प्रवरासंगमला दोन नद्या मिळतात. नेवासे फाट्यावर छत्रपती संभाजीनगरची गाडी पकडायला पळणारी माणसे आहेत. यातले काहीच स्मरणचित्रात येत नाही. मुलाने आठवणीतून काढायचे ते दुसऱ्याच्या चित्रातून काढले. दोष त्याचा नाही. आपल्या अंगणातली गोष्ट चित्रात चालते, असे त्याला कुणी सांगितलेले नाही.

आता कसे काढावे ते थोडे सांगतो. आम्ही चित्रकार नाही, पण घरोघरी पाहून जे समजले ते हे. कागद विकत आणू नये. जुन्या दिनदर्शिकेची मागची बाजू उत्तम, लग्नपत्रिकेची मागची बाजूही चांगली, ती जाड असते. पेन्सिल टू-बी मिळाली तर ठीक, नाहीतर शाळेची असेल ती. खोडरबर सुरुवातीला लपवून ठेवावे. खोडता येते म्हटले की मूल नाकावरच अर्धा तास घालवते आणि कागदाला भोक पाडते.

पहिल्याच दिवशी चेहऱ्याला हात घालू नये. चपला काढाव्यात. दारात ओळीने पडलेल्या घरच्या सगळ्यांच्या चपला. बापाच्या चपलेची टाच एका बाजूने झिजलेली असते, आईच्या चपलेचा अंगठा सेफ्टीपिनेने जोडलेला असतो, धाकट्याचा एक बूट उलटा पडलेला असतो. नुसत्या चपलांवरून सगळे घर कागदावर येते. मग तवा, पाण्याचा हंडा, खुंटीला टांगलेला रेनकोट. त्यानंतर माणसे, आणि माणसे आधी झोपलेली काढावीत. झोपलेला माणूस हलत नाही आणि लाजतही नाही. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी तोंडावर हात घेऊन झोपतो, तो हात काढावा.

जागे माणूस समोर बसवणे अवघड. विशेषतः आपल्या बाया. कामावाचून बसणे त्यांना ठाऊकच नाही. ‘आई, दहा मिनिटे बस’ म्हटले की ती म्हणते, ‘मला काय नटी समजला का? भाकरी कोण थापील?’ मग भाकरी थापताना काढावी. निवडताना, शिवताना, नातीची वेणी घालताना काढावी. हात हलतो हे खरे, पण पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतो. तेवढ्या वेळा पाहून एक रेघ ओढायची. म्हाताऱ्या आजीला मात्र बसायला वेळ असतो. ती आधी कुरकुरते, ‘काय रं, या सुरकुत्या काढून काय करशील?’ आणि मग हळूच पदर नीट करते.

येथे कुणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, एका मिनिटात वीस फोटो निघतात, मग ही पेन्सिलची पायपीट कशाला? मोबाईलने फोटो अवश्य काढावेत. पण आमचा अनुभव असा की मोबाईल पाण्यात पडतो, विकला जातो, ‘जागा भरली’ म्हणून पोरे फोटो पुसून टाकतात, आणि आजीचा फोटो वाढदिवसाच्या केकच्या फोटोंबरोबर निघून जातो. दुसरे असे की फोटो काढायला एक क्षण लागतो. चित्र काढायला तास लागतो, आणि तासभर समोर बसलेली म्हातारी गप्प राहत नाही. ती बोलू लागते. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला कुठे गेलो होतो ते सांगते. कपाळावरचे गोंदण कुणी काढले, तेव्हा किती रडले, ते सांगते. घरात पहिला जयभीम कुणी आणला, देव पाटीत भरून नदीत कुणी सोडले, ते सांगते. नातवाने हे कधी विचारले नव्हते. तो विचारणारही नव्हता. तो फक्त तिचा कान काढत होता. कान बराच किचकट असतो, वेळ लागतो.

चित्र बिघडते. आजी म्हणते, ‘ही मी नाही, ही तर तुझी आत्या.’ सगळे हसतात. हरकत नाही, ते चित्र टाकू नये. आत्या खरेच आजीसारखी दिसते हे त्या दिवशी घराला कळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावे. तीन-चार चित्रांनंतर नाक-डोळे नाही जमले तरी बसण्याची ढब जमते. एक गुडघा उभा करून, त्यावर कोपर टेकून, हातात तंबाखूची चंची घेऊन बसलेली आकृती पाठमोरी जरी काढली तरी शेजारीण ओळखते. पाठमोरे काढणे वाईट नाही. माणूस चालत गेला की आपल्याला त्याची पाठच जास्त वेळ दिसते.

वस्तीतल्या त्या जुन्या पेंटरलाही या कामात बोलवावे. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात तासभर पोरांना घेऊन बसला तर त्याचा चहा आपण देऊ. चौकटी आखून फोटोवरून मोठे चित्र कसे करायचे हे त्याच्याइतके कुणाला येत नाही. मतदार ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा वहीच्या पानाएवढा करायला हीच युक्ती लागते. पोरे त्याला शिकवतील तसे तोही पोरांना शिकवील. आणि तो घरी जाऊन आईसमोर बसला, तर फारच उत्तम. तिचे वय झाले आहे.

शेवटी एक काम विसरू नये, कारण पुष्कळजण नेमके तेच विसरतात. चित्राच्या मागे पेनने लिहून ठेवावे. आजीचे पूर्ण नाव, नुसते ‘आजी’ नव्हे. नातवाला ते बहुतेक वेळा ठाऊक नसते, तिलाच विचारावे. तिचे माहेरचे नाव आणि माहेरचे गाव. वय ती सांगेल ते लिहावे. जन्मतारीख नसेल तर ‘अमक्या पुराच्या साली’ असे सांगेल, तेच लिहावे. मग चित्र काढल्याची तारीख आणि काढणाऱ्याचे नाव. पेन्सिलीचे चित्र हाताने पुसट होते, म्हणून वरून एक कोरा कागद ठेवून वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावी आणि पत्र्याच्या पेटीत, जातीच्या दाखल्यांच्या आणि सातबाऱ्याच्या जोडीला ठेवावी. त्या पेटीतले कागद आपण पावसाळ्यात दोनदा उघडून पाहतोच.